महिन्याची घटक चाचणी की आठवड्याची चिठ्ठी? नववी-दहावीच्या गणितासाठी काय ठेवावं

मे महिन्यात एका तरुण सरांचा फोन आला. परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत ते नुकतेच लागलेत. नववी-दहावीचं गणित त्यांच्याकडे आलंय आणि मुख्याध्यापकांनी सांगितलंय, "चाचण्यांचं कसं करायचं ते जूनच्या आत ठरवा." त्यांच्यापुढे दोन रस्ते होते. एक, दर महिन्याला एका घटकावर पंचवीस गुणांची चाचणी: तारीख आधी जाहीर, गुण आणि क्रमांक फळ्यावर. दुसरा, दर आठवड्याला दहा मिनिटांची छोटी चाचणी. आमच्या शाळेतली मुलं तिला चिठ्ठी म्हणतात, कारण ती अर्ध्या फुलस्केपवर होते. "सर, दोन्ही काही जमायचं नाही. कोणतं धरू?" एवढंच त्यांचं म्हणणं.

मी अंबाजोगाई-लातूर पट्ट्यातल्या एका खेड्यात बावीस वर्षं गणित शिकवतोय. दोन्ही करून पाहिलंय आणि दोन्हीत हात पोळलेत. फोनवर सांगितलं ते तुटक होतं, म्हणून इथे नीट लिहितो. पालकांनाही यातलं काही कामाला येईल. "जिथं टेस्टा जास्त होतात त्या शिकवणीला घालू का, सर?" हा प्रश्न मला शाळेपेक्षा बाजारात जास्त वेळा विचारला जातो.

बाजारातल्या त्या प्रश्नामागे लातूर आहे. नव्वदच्या दशकात लातूरची मुलं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत ठळक दिसू लागली. राजर्षी शाहू महाविद्यालयाचं आणि प्राचार्य जनार्दन वाघमारे यांचं नाव राज्यभर गेलं, 'लातूर पॅटर्न' हा शब्द रूढ झाला. आमच्याकडच्या गावोगावच्या शाळांनी त्यातलं 'टेस्टवर टेस्ट' तेवढं उचललं. माझा एक मित्र त्या काळात लातुरात शिकायला होता. तो सांगतो, पेपर झाला की दोन दिवसांत तपासून हातात यायचा आणि चुकलेलं गणित सरांपुढे उभं राहून पुन्हा करावं लागायचं. हा दुसरा भाग कुणी उचलला नाही, कारण तो महाग आहे. त्यात शिक्षकाची संध्याकाळ जाते.

डोक्यात काय उरतं

पहिला निकष हाच ठेवू. चाचणीचा दिवस सरला की महिन्याभराने मुलाला काय येतं?

अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना उतारा वाचायला दिला. एका गटाने तो पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तेव्हा पारडं फिरलं: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. म्हणजे चाचणीने नुसतं मोजलं जात नाही, आठवण्याच्या कष्टानेच ते पक्कं होतं. चाचणी घ्यावी की नाही, हा वाद माझ्यापुरता इथे मिटतो. घ्यावी. कशी घ्यावी, हे उरतं.

वरचा प्रयोग उताऱ्यांचा आहे, गणिताचा नाही. गणितात आठवण्याआधी आणखी एक पायरी असते: समोरच्या उदाहरणाला कोणती रीत लावायची हे ओळखणं. घटक चाचणी नेमकी इथेच कमी पडते. 'वर्गसमीकरणे' या प्रकरणाची चाचणी आहे म्हटल्यावर मुलाला पेपर हातात येण्याआधीच ठाऊक असतं की प्रत्येक उदाहरण वर्गसमीकरणाचंच आहे. ओळखायचं काही शिल्लकच नाही. आपल्या बालभारतीच्या पुस्तकाची बांधणीही तशीच आहे. अवयव पद्धतीचा सरावसंच, मग पूर्ण वर्गाचा, मग सूत्राचा. मूल सरावसंच भराभर सोडवतं, आपण खूश होतो. मार्चमध्ये बोर्डाच्या पेपरात प्रकरणाचं नाव लिहिलेलं नसतं, तेव्हा तेच मूल म्हणतं, "सर, वहीत येतंय ओ, पेपरात सुचंना."

फ्लोरिडातले डग रोरर याच गोष्टीच्या मागे पुष्कळ वर्षं लागलेत. २०२० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सातवीच्या ५४ वर्गांतल्या ७८७ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. उदाहरणं दोन्हीकडे तीच होती, फरक मांडणीत होता. काही वर्गांना एका प्रकारची उदाहरणं सलग मिळाली, काहींना वेगवेगळ्या प्रकरणांतली मिसळून. महिन्याभराने न सांगता चाचणी घेतली. सलगवाल्यांना ३८ टक्के, मिसळवाल्यांना ६१ टक्के. त्याच रोररचा २००७ चा छोटा प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के उदाहरणं बरोबर होती, मिसळवाल्यांची ६०. आठवड्याने सलगवाले २० टक्क्यांवर आले, मिसळवाले ६३ वर राहिले. शिकवत असताना ज्या वर्गात सगळं छान चाललंय असं वाटतं, तोच वर्ग विसरतो. हे वाचलं तेव्हा माझे किती 'छान' तास डोळ्यांपुढून गेले ते विचारू नका.

चिठ्ठीचा खरा फायदा म्हणूनच 'दर आठवड्याला' होण्यात नाही. ती चालू धड्याचीच असेल तर ती छोटी घटक चाचणी झाली, बाकी काही नाही. दहावीच्या वर्गाला ऑगस्टमध्ये दिलेली एक चिठ्ठी सांगतो. पहिलं: क्ष² − ५क्ष + ६ = ० सोडवा. दुसरं: ७, ११, १५… या श्रेढीचं २० वं पद. तिसरं: दोन समरूप त्रिकोणांच्या संगत बाजूंचं गुणोत्तर २ : ३, तर क्षेत्रफळांचं किती? चौथं नववीतलं, एका बहुपदीला दुसऱ्या बहुपदीने भागा. एक चालू धड्याचं, दोन मागच्या महिन्यातली, एक मागच्या वर्षीचं. एवढंच. फळ्यावर लिहायचं, झेरॉक्सचा खर्च शून्य. बाकावर दोघं असतील तर डाव्या-उजव्याला आकडे वेगळे.

तिसऱ्या प्रश्नात २ : ३ हेच उत्तर लिहिणारी मुलं प्रत्येक वर्षी निघतात. समरूपतेच्या घटक चाचणीत हीच मुलं ४ : ९ लिहून गेलेली असतात, कारण आदल्या रात्री तेच वाचलेलं असतं.

नवा धडा आणि चाचणी

यात एक अट आहे आणि ती मी उशिरा शिकलो. नवं प्रकरण सुरू केल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत त्याची चाचणी नको, छोटी नको नि मोठीही नको. ऑस्ट्रेलियातल्या जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर प्रयोग केले होते. ज्यांनी आधी सोडवून दाखवलेली उदाहरणं नीट अभ्यासली, ते पुढची तशीच उदाहरणं अधिक वेगाने आणि कमी चुकांत सोडवत. ज्याला रीतच माहीत नाही त्याला 'सोडव' म्हणणं म्हणजे पोहायला न शिकवता विहिरीत ढकलणं. आमच्याकडे पूर्वी पोहायला असंच शिकवत, हे खरं आहे. पण पाठीला भोपळा किंवा डबा बांधलेला असायचा.

चुका कुणाला दिसतात

क्ष² − ५क्ष + ६ ला सूत्र लावताना एक मूल 'वजा ब' च्या जागी वजा पाच लिहितं. ब स्वतःच वजा पाच आहे, म्हणून वजा ब म्हणजे अधिक पाच, हे त्याच्या ध्यानात येत नाही. घटक चाचणीत या एका चुकीचे तीनपैकी दोन गुण जातात. पेपर पंधरा दिवसांनी मिळतो आणि तोवर वर्ग अंकगणिती श्रेढीत पोचलेला असतो. मूल एकूण गुण बघतं आणि पेपर दप्तरात घालतं.

चिठ्ठी त्याच तासाला तपासली जाते. शेजाऱ्याने शेजाऱ्याची तपासायची, मी फळ्यावर पायऱ्या मांडतो, जिथे पाय घसरला तिथे गोल. मग मूल 'चुकांची वही' काढतं आणि दोन ओळी लिहितं: चूक कोणती आणि का. चिन्हाची, सूत्राची, आकडेमोडीची, की प्रश्न नीट न वाचण्याची. ही वही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त कामाची आहे असं माझं मत झालंय. त्या मुलाचं स्वतःचं पुस्तक तेच.

घटक चाचणीच्या गुणांवरून आणखी एक गोष्ट कळत नाही. नववीत बहुपदींच्या भागाकारात मूल अडलं, तर ते बहुपदीत अडलं की मुळात भागाकारातच? २०२३ च्या 'असर' पाहणीत देशातल्या २६ राज्यांच्या २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला दिलं होतं. ते ४३.३ टक्क्यांना जमलं. आपली नववी-दहावीची मुलं याच वयोगटातली. पंचवीसपैकी सहा गुण मिळालेल्या मुलाला 'बहुपदी कच्च्या' असा शेरा मिळतो. चिठ्ठीत एखादा साधा भागाकार मधूनच टाकला तर खरं दुखणं दहा मिनिटांत कळतं.

गुण लिहायचे की नाही

सुरुवातीची सात-आठ वर्षं मी घटक चाचणीचे पेपर जास्तीत जास्त गुणांपासून खाली असे पुकारून वाटायचो. पहिली पाच नावं घेताना वर्ग ऐकायचा. शेवटची दहा नावं घेताना ती मुलं आपोआप उठून दाराजवळ येऊन थांबलेली असायची, नावं कोणती ते आधीच माहीत. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, माझ्या शिक्षकांनीही तेच केलं होतं.

इस्राएलमधल्या रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये पाचवी-सहावीच्या मुलांचे तीन गट केले. एकाला नुसते गुण, दुसऱ्याला नुसता लेखी शेरा, तिसऱ्याला गुण आणि शेरा दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा झाली ती नुसता शेरा मिळालेल्यांची, कामातली गोडीही त्यांचीच टिकली. दोन्ही मिळालेल्यांची गत नुसते गुण मिळालेल्यांसारखीच. गुण दिसले की शेरा कुणी वाचत नाही. आपण तांबड्या शाईने समासात एवढं लिहितो, ते कुणासाठी, असं हे वाचलं त्या रात्री वाटलं.

म्हणून चिठ्ठीला गुण नाहीत. पण हेही सांगितलं पाहिजे की एका वर्षी ते नीट चाललं नाही. वरून रजिस्टर मागितलं गेलं, "चाचणी घेता तर नोंद कुठे आहे?" म्हणून मी चिठ्ठीला पाचपैकी गुण लिहू लागलो. तिसऱ्या आठवड्यात मुलं शेजाऱ्याची चिठ्ठी तपासताना एकमेकांना पाचपैकी पाच द्यायला लागली. चौथ्या आठवड्यात चाललेली कॉपी मी स्वतः पकडली. कागद तेवढाच, प्रश्न तसेच, वेळ दहा मिनिटंच. बदलले होते फक्त गुण. पुढच्या वर्षी रजिस्टरमध्ये 'चिठ्ठी घेतली, चुकांच्या वह्या पाहिल्या' एवढीच तारीखवार नोंद ठेवली आणि तीही चालली.

तसं पाहिलं तर आठवीपर्यंत ही कल्पना आपल्याकडे कागदावर २०१० पासून आहे. शिक्षण हक्क कायद्यानंतर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात आकारिक मूल्यमापन म्हणजे शिकता शिकता केलेली पारख. बहुतेक ठिकाणी त्याच्या नोंदी सत्राच्या शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत भरल्या जातात, हे आपण सगळे जाणतो.

पालकसभेत मात्र पंचाईत होते. "सर, ते चुकांची वही वगैरे ठीक आहे, पोरगं कितवं आलं तेवढं सांगा." बापाचा प्रश्न चुकीचा नाही. त्याच्याकडे मोजायला दुसरं काहीच नाही. मी जूनची आणि सप्टेंबरची चुकांची वही शेजारी-शेजारी उघडून देतो. जूनच्या पानावर चिन्हांच्या चुका ओळीने दिसतात, सप्टेंबरमध्ये त्या विरळ होतात. काही पालकांना पटतं, काहींना नाही.

भीती

यावर थोडक्यात, कारण दोन्ही बाजूंनी बरंच अतिरेकी बोललं जातं. परीक्षाच नको म्हणणारे एकीकडे आणि 'आम्ही नाही का दिल्या' म्हणणारे दुसरीकडे. मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांच्या २००१ च्या कामातून एवढं स्पष्ट झालं की ज्यांना गणिताची धास्ती असते, त्यांच्या डोक्यातली हातचे धरून ठेवायची जागा त्या धास्तीनेच व्यापली जाते. मूल मठ्ठ नसतं, त्याची पाटी आधीच भरलेली असते. इंग्लंडमध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या चाचण्या आल्यानंतर कमी गुण मिळवणाऱ्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास इतरांपेक्षा खाली गेला, आधी असा फरक दिसत नव्हता, असं हार्लेन आणि डीकिन क्रिक यांच्या २००२ च्या आढाव्यात आहे. तारीख, गुण आणि क्रमांक असलेली घटक चाचणी याच जातीची. चिठ्ठीला दर आठवड्याला बसून बसून ती बुधवारच्या प्रार्थनेसारखी होऊन जाते. ज्याला पाटी कोरी ठेवायला शिकवायचंय, त्याला हे उपयोगी पडतं.

सोयाबीन आणि ऊस

शहरातल्या लेखांत हा निकष सापडत नाही, आमच्याकडे मात्र तो सगळ्यांत मोठा आहे.

सप्टेंबरच्या शेवटापासून सोयाबीन काढणीला येतं. वर्ग निम्मा होतो, मुलं रानात. घटक चाचणीची तारीख त्या आठवड्यात पडली तर निम्म्या वर्गाची त्या प्रकरणाची चाचणी गेलीच. फेरचाचणी कागदावर असते, प्रत्यक्षात ती घ्यायला तास मिळत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. आई-बाप कारखान्यावर, मूल आजीजवळ किंवा वसतिगृहात. घरचं पाणी, शेरडं, धाकटी भावंडं सांभाळून ते शाळेत येतं, आठवड्यातून दोन-तीन दिवस दांडी ठरलेली.

अशा मुलासाठी दोन्ही पद्धतींतला फरक उघड आहे. महिन्याच्या एका दिवशी ते गैरहजर राहिलं तर आख्खं प्रकरण बुडतं. चिठ्ठीत मात्र समरूपता ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात येते, चौथ्या आठवड्यात येते, सप्टेंबरमध्ये येते, नोव्हेंबरमध्ये येते. एक चुकली तर पुढची सापडते. प्रश्न पुन्हा-पुन्हा फिरून येणं हा त्या मुलाचा विमाच आहे म्हणा.

जे मूल टोळीबरोबरच जातं आणि मार्चमध्ये परततं, त्याच्यासाठी दोन्ही निरुपयोगी. त्याला चाचणी नको, शिक्षक हवा.

मास्तरच्या तासांचा हिशेब

वर्गात ६२ मुलं. पंचवीस गुणांचा पेपर पायऱ्या बघत नीट तपासायला मला एकाला सहा मिनिटं लागतात. ३७२ मिनिटं, म्हणजे सहा तासांवर. दोन तुकड्या असल्या की बारा तास. त्यात बीएलओची म्हणजे मतदार यादीची कामं, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं. म्हणून पेपर पंधरा दिवस घरी पडून राहतात, आळसामुळे नाही. चिठ्ठी मुलंच तपासतात. मी तासाला आठ-दहा चिठ्ठ्या उचलून घरी बघतो, दर वेळी वेगळ्या मुलांच्या. आठवड्याला अर्धा-पाऊण तास जातो.

चिठ्ठीत मला वेळ लागतो तो प्रश्न निवडायला. जूनमध्ये दोन दिवस बसून वर्षभराचा तक्ता करून ठेवला तर हेही हलकं होतं. एकदा केलेला तक्ता तीन वर्षं चालतो.

घटक चाचणीच्या बाजूने

इथवर वाचून वाटेल की घटक चाचणी टाकूनच द्यावी. तसं नाही. दहा मिनिटांत पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता होत नाही. वर्तुळाला बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढणं होत नाही. अर्थनियोजनातलं जीएसटीचं किंवा शेअर्सचं लांबलचक उदाहरण, शाब्दिक उदाहरणावरून दोन चलांची समीकरणं मांडून ती सोडवणं, हेही बसत नाही. या गोष्टींना वीस-पंचवीस मिनिटं शांत बसावं लागतं आणि अशी बैठक घटक चाचणीतच मिळते. शिवाय तारीख जाहीर असली की काही मुलं त्या निमित्ताने तरी पुस्तक उघडतात. होतकरू पण आळशी मुलांना तारखेचा धाक लागतो, हे मी नाकारणार नाही.

म्हणून सत्रात दोन घटक चाचण्या ठेवाव्यात, दर महिन्याला नकोत. आणि त्यातले निम्मे प्रश्न आधीच्या प्रकरणांचे ठेवावेत. क्रमांक फळ्यावर लावायचा नाही. पेपर परत दिल्यावर एक पूर्ण तास त्याच पेपरावर जाऊ द्यावा. तो तास नसेल तर चाचणी घेतली काय नि न घेतली काय.

शिकवणीतली ओएमआर टेस्ट

आता बाजारातल्या पालकांचा प्रश्न. लातूर-नांदेडच्या शिकवण्यांमध्ये आठवीपासूनच 'फाउंडेशन' नावाने दर रविवारी ओएमआर टेस्ट असते. चार पर्याय, गोल काळा करा, संध्याकाळी मोबाईलवर रँक. पालकांना हे फार आवडतं, कारण आकडा लगेच मिळतो.

क्ष² − ५क्ष + ६ = ० ची मुळं कोणती, आणि खाली चार पर्याय. चुणचुणीत मूल अवयव पाडतच नाही. पर्यायातला २ घालून बघतं, ४ − १० + ६, शून्य आलं, ३ घालतं, पुन्हा शून्य, गोल काळा. उत्तर बरोबर, वर्गसमीकरण सोडवायला मात्र शिकलं नाही. बोर्डाच्या गणिताच्या चाळीस गुणांच्या पेपरात बहुपर्यायी प्रश्नांना चार गुण आहेत. बाकी सगळीकडे लिहून दाखवायचंय आणि गुण पायऱ्यांना आहेत.

गंमत अशी की यातले बरेच पालक 'नीट' ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा मनाशी धरून असतात. नीटला गणित हा विषयच नाही. भौतिकशास्त्रातल्या आकडेमोडीपुरतं ते लागतं, पण ती आकडेमोड ज्याला कागदावर पायरीपायरीने येते त्यालाच पुढे ती झरझर येते. ओएमआरला दहावीनंतर पुष्कळ वेळ आहे. नववीतल्या मुलाला शिकवणी लावायचीच असेल तर रविवारी किती टेस्ट होतात हे विचारू नका. सोमवारी चुकलेल्या गणितांचं काय होतं ते विचारा.

पूर्ण सराव पेपर

दहावीला याची गरज आहे, फक्त आमच्याकडे ते फार लवकर आणि फार जास्त होतात. बीजगणित आणि भूमिती, दोन्ही पेपर चाळीस-चाळीस गुणांचे, प्रत्येकी दोन तास. गुणामागे तीन मिनिटं. चौथ्या प्रश्नात तीनपैकी दोन उदाहरणं निवडायची असतात आणि इथेच मुलं फसतात: पहिलं सोपं दिसलं म्हणून धरतात, अर्ध्यात अडकतात, खोडतात, दुसरं धरतात. पंधरा मिनिटं गेली. ही निवड, ही घड्याळाची सवय, पूर्ण पेपराशिवाय येत नाही.

पण ऑक्टोबरपासून दर रविवारी पूर्ण पेपर सोडवून घेणं म्हणजे पेरणीआधी मळणी करणं. अर्धा अभ्यासक्रम यायचा बाकी, मूल अर्धा पेपर कोरा ठेवतं आणि कोरा ठेवायचीच सवय लागते. माझा आकडा असा: जानेवारीतल्या पूर्वपरीक्षेसकट बीजगणिताचे तीन आणि भूमितीचे तीन. प्रत्येक पेपरामागे दोन तास चुकांसाठी राखीव. बारा पेपर नुसते सोडवण्यापेक्षा सहा पेपर पुन्हा उघडणं बरं. ज्यांच्याकडे एवढेही तास नाहीत त्यांनी चार घ्यावेत.

त्या तरुण सरांना मी शेवटी जे सांगितलं ते असं. आठवी-नववीला चिठ्ठीवर भर द्या, घटक चाचण्या शाळेच्या वेळापत्रकात लागतात तेवढ्याच. दहावीला जून ते डिसेंबर चिठ्ठी, सत्रात दोन घटक चाचण्या, जानेवारीपासून पूर्ण पेपर. चिठ्ठीत चारपैकी एकच प्रश्न चालू धड्याचा. गुण नाहीत. चुकांची वही सक्तीची. आणि मुख्याध्यापकांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की पहिल्या महिन्यात मुलांचं फार चुकेल, मिसळलेल्या प्रश्नांत ते होतंच. नाहीतर जुलैत ते म्हणतील, तुमची पद्धत बंद करा.

त्यांनी विचारलं, "वार कोणता ठेवू?"

सोमवार नको, रविवारच्या लग्नकार्यातून निम्मी मुलं परतलेली नसतात. शनिवारी सकाळची शाळा, त्यात कवायत. त्यांच्या गावाचा बाजार मंगळवारी भरतो, दुपारनंतर वर्ग ओस. बुधवारचा तिसरा तास ठरला. त्यातही सुरुवातीची दहा मिनिटं नकोत, लांबून सायकलवर येणाऱ्या मुलांना घाम पुसू द्या, पाणी पिऊ द्या, मग फळ्यावर प्रश्न लिहायला घ्या.